बदरच्या हातचा घास

बाणकोटच्या बदरुद्दीनला कुवेतमधली कोकणी माणसं नावाने ओळखत नसत. "तो रे, पाखरूवाला," म्हटलं की पुरे. शर्कच्या मासळीबाजारात शुक्रवारी सकाळी रत्नागिरी-रायगडची मंडळी सुरमई-पापलेटाच्या निमित्ताने जमायची, घरच्या खबरा एकमेकांना द्यायची, आणि बदरुद्दीन दिसला की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय बदरभाई, पाखरू जेवलं काय?" तोही हसायचा. पहिल्या वर्षी त्याला त्यात मान वाटला. पुढे पुढे तो प्रश्न नकोसा झाला, पण हसणं तेवढं राहिलं. ते तोंडाला चिकटूनच बसलं होतं.

तो आला ब्याण्णव साली. इराकशी लढाई संपून वर्ष झालं होतं आणि कुवेतला माणसं हवी होती, ड्रायव्हरापासून कहवा ओतणाऱ्यापर्यंत. रुमैथिया वस्तीतल्या अबू जासेमच्या घरी त्याची वर्णी लागली. अबू जासेम त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याने त्या देशात राहायचं आणि ज्याच्या कपाटात त्याचा पासपोर्ट पडून राहायचा तो मालक. घरातले नोकर त्याला 'बाबा' म्हणत. बदरुद्दीन तेव्हा सदतीस वर्षांचा, कफील तेहेतिसाचा. पण बाबा म्हणजे बाबा. काम म्हणाल तर दिवानिया सांभाळायचा. दिवानिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची मोठी बैठक. संध्याकाळी दोस्त, भाऊबंद यायचे, लोडांना टेकायचे, जगाचा न्यायनिवाडा करायचे आणि उठून जायचे. बदरुद्दीनने कहवा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, ओतायचा, धुपाटण्यातले निखारे बदलायचे, गालिचे झटकायचे. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. घरी बायको बिल्कीस, धाकटा भाऊ रफीक आणि एकुलती एक मुलगी जवेरिया. तो निघाला तेव्हा ती सात वर्षांची होती.

नव्याण्णव साली कफीलच्या बायकोने घरातली माणसं मोजली आणि तिला ती जास्त वाटली. नवा केरळी ड्रायव्हर तरणाबांड होता, गाडी चालवून वर कहवाही ओतायला तयार होता. मग हा चव्वेचाळीस वर्षांचा बदर कशाला? अबू जासेमने तिच्यापुढे नेहमीसारखी मान डोलावली आणि बदरुद्दीनला सहज सांगावं तसं सांगितलं, की बघू, नाहीतर तुला वफ्र्याच्या मळ्यावर धाडतो, तिथे बकऱ्यांकडे बघायला माणूस हवाच आहे. वफ्रा पार दक्षिणेला, वाळूतला भाजीचा आणि खजुरांचा मुलूख. तिथे गेलेला माणूस शुक्रवारी शर्कला दिसत नाही. घरून फोन आला तर त्याला निरोप देणारं कुणी नसतं. बदरुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं. रात्रंदिवस तो एकच विचार करत होता, की ह्या घरात आपली गरज पडेल असं काय करावं.

नेमकं त्याच आठवड्यात ते पाखरू आलं. कफीलने शुक्रवारच्या बाजारातून एका पेटीत घालून आणलं, टूकन. अंगाने कावळ्याहून थोडं मोठं, काळं कुळकुळीत, गळा दुधासारखा पांढरा, डोळ्याभोवती निळं कडं, आणि चोच? चोच म्हणजे नारिंगी रंगाचा वीतभर कोयताच, टोकाला काळा ठिपका. बघणाऱ्याला वाटावं, ह्या चोचीच्या भाराने बिचारं पुढे तोंडावर पडेल. पण ती चोच आतून पोकळ, वजनाला काहीच नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, ह्याच्या मुलखात उष्मा वाढला की हे चोचीत रक्त खेळवून अंगातली उष्णता बाहेर टाकतं. कुवेतच्या उन्हाळ्यात चोचीचं काय चालणार? कफीलने दिवानियाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी काचेची खोली बांधली आणि तिला वेगळा एसी लावला. बदरुद्दीनच्या गच्चीवरच्या खोलीतला एसी त्याच महिन्यात बंद पडला होता, तो पुढचा अख्खा उन्हाळा बंदच राहिला.

घरच्यांनी पाखराचं नाव ठेवलं अबू मिनकार, म्हणजे चोचीचा बाप. तिथली रीतच आहे, माणसाला त्याच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची, जासेमचा बाप, फहादचा बाप. पाखरालाही ती इभ्रत मिळाली. बदरुद्दीनला मात्र सात वर्षांत जवेरियाचा बाप असं कुणी म्हटलं नव्हतं. तो नुसता बदर.

दिवानियात पहिले पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. कफीलचा धाकटा भाऊ अमेरिकेत शिकून आला होता. तो म्हणाला, तिकडे हे पाखरू पोरांच्या न्याहारीच्या खोक्यावर असतं, सिनेम्यात असतं, शर्टांवर असतं. आणि आणखी एका पेयाच्या जाहिरातीवर असतं, पण त्याचं नाव इथे काढायचं नाही. म्हातारे हसले. एक शिक्षक नेहमी येत, ते म्हणाले, ब्राझीलच्या रानातले लोक ह्याच्या गळ्याची पिसं सणासुदीला अंगावर घालतात. बदरुद्दीन कहवा ओतता ओतता ऐकत होता. मग त्यालाही ते जिथे तिथे दिसायला लागलं, सरबताच्या दुकानाच्या पाटीवर, पोरांच्या दप्तरावर, प्लास्टिकचं होऊन दुकानाच्या काचेत. ज्याला त्याला ह्याचा चेहरा ठाऊक. पण हा चेहरा दिवसभर खातो आणि खाल्लेलं पाऊण तासात पातळ करून भिंतीपर्यंत उडवतो, हे कुणाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

त्या घाणीमुळेच बदरुद्दीनचं नशीब फिरलं. कफीलची हौस दहा दिवसांत निम्मी झाली. पाखरू बोलेल म्हणून त्याने आणलं होतं, पोपट बोलतो तसं. हे बेडकासारखं डरकायचं, नाहीतर चोच टकटक वाजवायचं. वर एकदा मोकळं सोडलं तर घरच्या कॅनरी पाखरांच्या घरट्यातली दोन पिल्लं उचलून गिळली. फळं खाणारं रंगीत पाखरू पिल्लंही खातं, हे कुणाला माहीत? बदरुद्दीनला माहीत होतं. बाणकोटच्या डोंगरात ककणेर असतात, धनेश म्हणतात ते, तेही असंच करतात. टूकन आणि ककणेर ही दोन वेगळी कुळं, एकमेकांचे कुणी लागत नाहीत, हे डॉक्टरने सांगूनही त्याला पटलं नाही. शर्कच्या बाजारातल्या मंडळींना तर मुळीच नाही. एका म्हाताऱ्या मुरूडकराने त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मेलं की मला सांग हां. ह्याचं तेल गुडघ्याला लावलं तर दुखणं जातं." ककणेराचं तेल म्हणून कोकणात कोण कोण काय विकतं, ते इथे सांगत बसत नाही.

तर बदरुद्दीन पुढे झाला. भिंती पुसू लागला, फळं चिरू लागला. डॉक्टरने बजावलं होतं, पपई द्या, द्राक्षं द्या, केळं द्या. पण खजूर नको, मनुका नको, कलेजी तर नकोच. ह्या जातीच्या यकृतात लोह साचतं आणि एक दिवस पाखरू पटकन मरतं. बदरुद्दीनने ते मनात कोरून ठेवलं. आणि मग त्याने ती युक्ती केली. आपल्याला वाटेल, असं काय मोठं केलं? अगदी साधं केलं. दिवानिया भरायच्या आधी, दुपार कलतानाच्या अस्रच्या नमाजानंतर, तो पाखराला पोट फुटेस्तोवर चारायचा. संध्याकाळी पाहुणे द्राक्षं पुढे करायचे, पाखरू मान फिरवायचं. सगळ्यांनी हात टेकले की बदरुद्दीन पुढे व्हायचा आणि आंब्याची एक फोड धरायचा. आंबा तो एरवी देतच नसे. पाखरू ती फोड चोचीच्या टोकात अलगद धरायचं, मान मागे टाकून हवेत उडवायचं आणि गिळायचं. पाहुणे थक्क.

"हे फक्त बदरच्या हातचं खातं," असं अबू जासेम सगळ्यांना सांगू लागला. जे आपल्या घरात आहे आणि दुसऱ्याच्या घरात नाही, त्याचा अभिमान कुणाला नसतो? वफ्र्याचं नाव पुन्हा निघालं नाही. स्वयंपाकी कासम हैदराबादचा, त्याला सगळं ठाऊक होतं, कारण आंबा तोच चिरायचा. तो म्हणायचा, "भाई, तुम्ही मोठे कलाकार." आणि दोघे पोट धरून हसायचे.

एकच अडचण होती. दोन हजार एकला बदरुद्दीनची सुट्टी आली. तो दोन महिने गेला असता तर केरळी ड्रायव्हरने पाखराला उपाशीपोटी चारलं असतं आणि सगळं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून तो स्वतःच म्हणाला, बाबा, मी ह्या वर्षी जात नाही. कफीलने त्याची पाठ थोपटली. बिल्कीसने फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे आणखी दोन वरसं?" तो म्हणाला, "नोकरी टिकवायची तर करावं लागतं." जवेरिया सोळाची झाली होती. फोनवर तिचा आवाज बिल्कीससारखा यायचा, दोनदा त्याची फसगत झाली होती.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये शेजारी इराकमध्ये पुन्हा लढाई पेटली आणि कुवेतमध्ये भोंगे वाजायला लागले. अबू जासेमने घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून बंद करून घेतली होती, विषारी वायू आला तर म्हणून. भोंगा झाला की घरचे त्या खोलीत जायचे, पाखराचा पिंजरा आत जायचा, आणि पाखराबरोबर बदरुद्दीन. कासम आणि ड्रायव्हर मुदपाकखान्यात, नाकाला ओलं फडकं लावून. भोंगा थांबल्यावर बदरुद्दीन बाहेर आला की कासम म्हणायचा, "पुढच्या वेळी तुमची ती चोच मलाही लावून द्या, भाई." आता तो हसत नसे. बदरुद्दीनला शरम वाटली, पण तो दर वेळी आत गेला. कोण जाणार नाही?

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत जवेरियाचं ठरलं. मुलगा हर्णैचा, हमजा, कतारला नोकरीला. निकाह मे महिन्यात. रफीकने स्थळ पाहिलं, रफीकने बोलणी केली, आणि मग बदरुद्दीनला फोन केला, "भाईजान, तुमचा शब्द झाला की हो म्हणतो." कोकणातली मुसलमान माणसं शाफई पंथाची. त्यांच्यात मुलीचा निकाह वलीशिवाय होत नाही. काझी वलीला विचारतो आणि वली आपल्या तोंडाने मुलगी देतो. पहिला वली म्हणजे बाप.

फोन जवेरियाने घेतला. ती लाजत नव्हती, तिला जे बोलायचं होतं ते तिने ठरवून ठेवलं होतं. "अब्बा, शाळेत नाव चाचांनी घातलं. दाखल्यावर सही चाचांची. तापाने फणफणले तेव्हा पावसात मंडणगडला चाचांनीच नेलं. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. पण हे एक तरी तुमच्या तोंडून होऊ दे. वली तुम्हीच."

"मी येणार," बदरुद्दीन म्हणाला. "बापाचा शब्द आहे."

तो शब्द त्याने मनापासून दिला होता. दोन सुट्ट्या सोडून पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या माणसाला तेवढी एकच गोष्ट करायची राहिली होती, आणि ती तो करणार होता.

तो कफीलकडे गेला. चाळीस दिवस मागितले. अबू जासेम वाईट माणूस नव्हता, हेच तर ह्या गोष्टीतलं वाईट. वाईट असता तर मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्याने बदरुद्दीनला समोर बसवलं, स्वतःच्या हाताने चहा दिला, मुलीला दुवा दिली. मग म्हणाला, "पण ह्या पाखराचं काय? तू चाळीस दिवस म्हणतोस, हे सात दिवसांत मरेल. तुझा भाऊ आहे ना? त्याला तुझ्या वतीने परवानगी दे, शरियतने तशी सोय ठेवली आहे. मुलीला मी माझ्याकडून भेट पाठवतो. पुढच्या वर्षी बघू."

बदरुद्दीनने चार दिवस विचार केला. पासपोर्ट कपाटात, कपाटाची चावी कफीलच्या कंबरेला. पळून गेला तर पोलिसांत नाव जाईल आणि विमानात कुणी बसू देणार नाही. एकच वाट उरली होती, खरं सांगायचं. पाचव्या दिवशी दुपारी दिवानिया रिकामा असताना त्याने कफीलचे पाय धरले.

"बाबा, ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"हे माझ्याच हातचं खातं ते. मी आधी चारून ठेवतो. कुणाच्याही हातचं खाईल. मला वफ्र्याला जायचं नव्हतं म्हणून मी केलं. मला मळ्यावर पाठवा, हाकलून द्या, पण मे महिन्यात घरी जाऊ द्या."

अबू जासेमच्या चेहऱ्यावर राग दिसेना, दिसला तो अपमान. चार वर्षं तो सगळ्या गावाला सांगत होता. शेवटी म्हणाला, "ठीक. तीन दिवस तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. कासम चारेल. खाल्लं तर तुझं तिकीट मी काढतो, आणि त्यानंतर मला तुझं तोंड दाखवू नकोस."

बदरुद्दीनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याने त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, येतोय. बिल्कीसने पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलेलं त्याला ऐकू आलं, येतायत, येतायत.

पहिल्या दिवशी कासमने पपई नेली, द्राक्षं नेली. पाखराने चोच उघडली नाही. सवय मोडायला एक दिवस लागणारच, बदरुद्दीन म्हणाला. दुसऱ्या दिवशी कासमने आंबा नेला. पाखरू फांदीच्या टोकाला सरकलं आणि पाठ करून बसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कासम खाली मान घालून मुदपाकखान्यात आला. "भाई, ते झोपलंय. दिवसाउजेडी." टूकन झोपताना चोच पाठीवर ठेवतं, शेपटी वर दुमडून तिच्यावर पांघरतं, आणि पिसांचा नुसता गोळा दिसतो, डोकं कुठे, पाय कुठे कळत नाही. ते तसं बसलं होतं. बदरुद्दीन कासमवर उखडला, "तू नीट धरलंच नसशील. तू मुद्दाम केलंस, त्या खोलीत तुला घेतलं नाही म्हणून." कासमचे डोळे भरले. तो म्हणाला, "मी त्याला हात जोडले, भाई. तुमच्या पोरीची शपथ."

दुपारी कफीलने बोलावलं. बदरुद्दीन काचेच्या खोलीत शिरला. त्याच्या पावलांचा आवाज झाला आणि तो पिसांचा गोळा उलगडला. पाखरू उड्या मारत फांदीच्या ह्या टोकाला आलं, चोच त्याच्या मनगटावर टकटक आपटू लागलं. त्याने हात पुढे केला नसता तर? त्याने तो विचार केला होता. पण कफील काचेपलीकडे उभा होता, पाखरू तीन दिवसांचं उपाशी होतं, आणि हात आपोआप पुढे गेला. पाखराने ओळीने आठ द्राक्षं खाल्ली.

चार वर्षं रोज चारायचं ढोंग करायचं, तर रोज चारावं लागतं, हे बदरुद्दीनच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या काचेच्या खोलीत त्याच्याशी कोकणीत बोलायला दुसरं कुणी नव्हतं. जवेरियाची पत्रं त्याने त्या पाखरालाच वाचून दाखवली होती. आठवीत पहिली आली ते, शाळा सुटली ते. भिंत पुसता पुसता त्याने त्याची मान खाजवली होती, पाखरानेही मान खाली घालून ती खाजवून घेतली होती. लेकीचा वाटा त्याने असा वाटून टाकला होता, आणि तो कुठे गेला ते आता त्याच्या मनगटावर टकटक करत होतं.

अबू जासेमने काचेचं दार उघडून त्याला मिठी मारली. त्याला खरंच गहिवरून आलं होतं. "तू मला फसवलंस म्हणालास. मग ह्याला खोटं बोलायला कुणी शिकवलं?" त्या संध्याकाळी त्याने दिवानियात सगळी हकिगत रंगवून सांगितली. बदरला मुलीच्या लग्नाला जायचं होतं म्हणून त्याने केवढी थाप मारली, आणि पाखराने त्याला कसं उघडं पाडलं. सगळे हसून हसून लोडांवर लोळले. कहवा बदरुद्दीनच ओतत होता.

घरी त्याने फोन केला तो रफीकला. जवेरियाला सांगायची हिंमत झाली नाही. निकाहच्या दिवशी रफीकने आपला मोबाईल काझीसमोर उशीवर ठेवला होता. बदरुद्दीन काचेच्या खोलीत फोन कानाला लावून उभा होता, कारण घरात एकांताची जागा तीच. काझीने विचारलं, वली कोण? रफीकचा आवाज आला, "मी. मुलीचा चाचा. भाईजानच्या इजाजतीने." मग मांडवात कुणीतरी कुजबुजलं, आणि ते फोनमध्ये स्पष्ट आलं, "बाप का नाही आला?" कुणीतरी उत्तर दिलं, "पाखराला चारायला कुणी नाही म्हणे." हसण्याचा आवाज आला आणि दबला. जवेरियाने फोन हातात घेतला नाही.

आता खजुराचं सांगायचं राहिलं. पहिल्या रमजानपासून अबू जासेमने एक रीत पाडली होती. रोजा सोडताना घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एक खजूर, आणि पाखरालाही एक, बदरच्या हाताने, सगळ्यांच्या देखत. बदरुद्दीन डॉक्टरचं बोलणं सांगून थकला. कफील म्हणायचा, रमजानचा खजूर कुणाला बाधत नाही. मग बदरुद्दीन खजूर मुठीत दाबून ठेवायचा आणि पाखराला काळं द्राक्ष द्यायचा. लांबून कुणाला कळत नसे. पाच रमजान त्याने असे काढले. निकाहनंतरचा रमजान ऑक्टोबरात आला. पहिल्या दिवशी मगरिबची अजान झाली, कफीलने त्याच्या हातावर खजूर ठेवला, आणि त्याने तो पाखराला दिला. खिशात द्राक्ष होतं. दुसऱ्या दिवशी खजूर दिला. तिसाव्या दिवशी दिला. रमजान संपला, द्यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि बंद कर असंही कुणी म्हटलं नाही. पाखरू प्रत्येक खजूर हवेत उडवून झेलायचं आणि आणखी मागायचं. बदरुद्दीन त्याच्याशी बोलेनासा झाला होता.

एप्रिलमध्ये ते सकाळी खाली पडलेलं सापडलं. डॉक्टरने पोट फाडून सांगितलं, यकृत. अबू जासेम लहान मुलासारखा रडला. बदरुद्दीनला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. त्याला काहीच वाटलं नाही, आणि दुपारी मात्र तो नेहमीसारखी पपई चिरायला बसला. कासमने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. खजुराचं त्याला सगळं ठाऊक होतं, पण ते त्याने कफीलला सांगितलं नाही.

कफीलने स्वतः तिकीट आणून दिलं, जायचं आणि यायचं. "दोन महिने राहा, मन हलकं कर. तोवर मी दुसरं बघून ठेवतो." तो ते मायेने म्हणाला.

बदरुद्दीन बाणकोटला पोचला तेव्हा जवेरिया बाळंतपणाला माहेरी आली होती. तिने सलाम केला, पाणी आणून दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. लग्नाचा विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही. चहात साखर किती, असं तिने त्याला विचारलं. घरातल्या बाकी कुणाला ती तसं विचारत नव्हती. नवव्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. रिक्षा रफीकने बोलावली, मंडणगडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंशी रफीकच बोलला. बदरुद्दीन मागच्या सीटवर पिशवी धरून बसला होता.

मुलगा झाला. हमजा कतारला होता. बाळाच्या कानात बांग द्यायची, अल्लाचं नाव पहिल्यांदा ऐकवायचं, ते बापाने. बाप नसेल तर आजाने. हे बदरुद्दीनला सांगावं लागलं नाही. त्याने नळावर हातपाय-तोंड धुऊन वजू केला, टोपी घातली आणि खाटेपाशी येऊन उभा राहिला. बिल्कीसच्या हातात बाळ होतं. रफीक दाराशी होता, तो आणखी मागे सरला आणि म्हणाला, "या भाईजान, पुढे व्हा."

"नको," खाटेवरून जवेरिया म्हणाली. "चाचा देतील."

"अगो, तुझे अब्बा आलेत एवढ्या लांबून," बिल्कीस म्हणाली.

"आलेत. आणि दोन महिन्यांनी जातील." जवेरियाचा आवाज दमलेला होता, त्यात राग नव्हता. "ज्याचा आवाज ह्याला पुढेही ऐकू येत राहणार आहे, त्यानेच पहिल्यांदा ऐकवावा. अब्बा, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"नाही गो बाय," बदरुद्दीन म्हणाला.

रफीकने बाळ घेतलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याने बांग सुरू केली. बदरुद्दीन खिडकीशी जाऊन उभा राहिला. मुलगी भांडली असती, रडली असती, तर बाप म्हणून समजूत तरी काढता आली असती. तिच्या बोलण्यात चूक कुठे झाली ते तो बांग संपेपर्यंत शोधत राहिला. ती कुठेच झाली नव्हती.